बालकांची जर्मन आणि घरातील मराठी

कात्रज–देहूरोड बाह्यवळण मार्गाच्या कडेचे ताथवडे हे गाव एकेकाळी शासनाच्या वळू-माता प्रक्षेत्रासाठी ओळखले जात असे. २००९ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले आणि पाहता पाहता शेतांच्या जागी बहुमजली गृहसंकुले उभी राहिली. एका अंगाला हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान, दुसऱ्या अंगाला पिंपरी, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंत पसरलेला कारखान्यांचा पट्टा. या दोहोंच्या मध्ये राहणाऱ्या तरुण कुटुंबांना स्टुटगार्ट, म्युनिक, वोल्फ्सबुर्ग ही नावे आता नाशिक-सोलापूरइतकी सवयीची झाली आहेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाने शाळेतून येताच ‘गूटन टाग’ म्हणावे, अशी हौस येथील आई-वडिलांना वाटली, तर तिचे नवल करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हा, की ही हौस मुलाच्या पदरी नेमके काय टाकते आणि तिची किंमत घरातील कोणती गोष्ट मोजते.

जर्मनीशी या पट्ट्याचे नाते आजचे नाही. १९५८ मध्ये उद्योजक नवलमल फिरोदिया यांनी हॅम्बुर्गच्या विडाल अँड झोन या कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी मालवाहू गाडी भारतात आणली. ‘टेम्पो’ हे त्या जर्मन गाडीचे व्यापारनाव. ती बजाज टेम्पो कंपनी पुढे आकुर्डीला स्थिरावली, आणि नाव मात्र तिच्याही पुढे निघून गेले. आज भाजी वाहणारी कोणतीही लहान गाडी मराठीत टेम्पोच असते. जर्मन भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘वेग’ असा आहे. केएसबी पंप्स ही जर्मन मुळाची कंपनी १९६० पासूनची. १९९५ मध्ये पिंपरी परिसरात मर्सिडीज गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि २००९ मध्ये मर्सिडीज व फोक्सवॅगन या दोहोंचे कारखाने चाकणला आले. २०२४ च्या प्रारंभी महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हा जर्मनच्या शिकवण्यांकडे पालकांची पावले अधिकच वेगाने वळली.

यात एक भेद प्रथमच लक्षात घेतला पाहिजे. प्रौढांसाठी जर्मन ही पुष्कळदा अट असते. नोकरीनिमित्त जाणाऱ्याला ती उपयोगी पडते, आणि पतीपाठोपाठ जाणाऱ्या पत्नीला काही वेळा ‘ए-वन’ या पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. आई-वडिलांबरोबर जाणाऱ्या लहान मुलाला अशी अट नसते. गोएथे-इन्स्टिट्यूटची, म्हणजे आपल्याकडे ज्या संस्थेला मॅक्स म्युलर भवन म्हणतात तिची, मुलांसाठी असलेली ‘फिट इन डॉइच १’ ही परीक्षासुद्धा दहाव्या वर्षापासून पुढच्या मुलांसाठी आहे. म्हणजे पाच वर्षांच्या बालकाला जर्मन शिकवताना गाठायचे असे कोणतेही कागदी उद्दिष्ट समोर नाही. हे बालकाचे भाग्यच म्हणावयाचे. त्याच्या वाट्याला भाषेचा केवळ गोड भाग येऊ शकतो. फक्त तो मोठ्यांनी बिघडवू नये.

बिघडतो तो अवास्तव अपेक्षेमुळे. ‘जितके लहान, तितके चांगले’ हे वचन सर्वत्र ऐकू येते. ज्या मुलाच्या अवतीभवती दिवसभर ती भाषा बोलली जाते, त्याच्याबाबत ते बऱ्याच अंशी खरे आहे. आठवड्यातून एक-दोन तासांच्या वर्गाबाबत मात्र ते खरे ठरत नाही. बार्सिलोना विद्यापीठात कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. आठव्या वर्षी सुरुवात केलेली मुले आणि अकराव्या वर्षी सुरुवात केलेली मुले यांना तितकेच तास मिळाल्यावर पाहिले, तर उशिरा सुरुवात केलेली मुले पुढे असल्याचे आढळले. मोठे मूल नियम समजून घेते, लिहून ठेवते, आठवते; लहान मुलाला त्यासाठी ऐकण्याचा प्रचंड साठा लागतो, आणि तो शनिवारच्या एका तासात भरत नाही. तेव्हा पाच वर्षांच्या मुलाला वर्षभरात ‘अस्खलित’ करण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर पालकांनी ते मुदत ठेवीवरील फार मोठ्या व्याजदराच्या जाहिरातीइतक्याच सावधपणे वाचावे.

मग या वयात साधते काय? साधतात ती प्रसंगाला बांधलेली छोटी वाक्ये, कानाची तयारी, आणि ‘ही भाषा माझ्या ओळखीची आहे’ ही निर्धास्त भावना. हे थोडे नव्हे. पाठशाळेत जाणारी चार वर्षांची मुलगी प्राकृतातील नवकार मंत्र म्हणते. तिला विभक्ती ठाऊक नसतात. संवत्सरीच्या दिवशी ती वडीलधाऱ्यांसमोर हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणते, आणि ते शब्द कोणत्या वेळी, कोणाला, कोणत्या भावाने म्हणावयाचे हे तिला अचूक कळते. भाषा अशीच आधी प्रसंग म्हणून अंगी लागते आणि व्याकरण म्हणून फार नंतर. ‘डांके’ म्हणजे आभार आणि ‘बिटे’ म्हणजे कृपया, हे तक्त्यावर लिहून पाठ करून घेण्यापेक्षा वाटी पुढे करताना ‘बिटे’ आणि ती हाती घेताना ‘डांके’ म्हणवले, तर दोन दिवसांत ते त्या वाटीला चिकटून बसते.

घरात दिवसाकाठी असे आठ-दहाच प्रसंग असतात. सकाळी उठल्यावर ‘गूटन मोर्गन’, झोपताना ‘गूटे नाख्ट’. भूक लागली की ‘इश हाबे हुंगर’, तहान लागली की ‘इश हाबे दुर्स्ट’. धक्का लागला तर ‘एन्टशुल्डिगुंग’. हा शब्द लांबलचक आहे, पण मुलांना लांबलचक शब्दांचे भय नसते, ते मोठ्यांना असते. समजले नाही तर ‘नोख आइनमाल, बिटे’, म्हणजे पुन्हा एकदा सांगा. हे शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे आणि वर्गांत ते सर्वांत कमी शिकवले जाते. परक्या देशातील वर्गात बसलेल्या मुलाला न समजल्याची लाज वाटू नये आणि ते सांगण्याचे शब्द त्याच्यापाशी असावेत, याहून मोठी शिदोरी या वयात देता येत नाही. त्याच्या जोडीला ‘इश मुस आउफ दी टोइलेटे’, मला स्वच्छतागृहात जायचे आहे, हेही वाक्य पक्के असावे. पहिल्या आठवड्यात नव्या बालवाडीत मुले रडतात, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

‘बालवाडी’ हा शब्द येथे सहज आला. फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८४० मध्ये लहान मुलांच्या शाळेला ‘किंडरगार्टन’ असे नाव दिले. ‘किंडर’ म्हणजे मुले, ‘गार्टन’ म्हणजे बाग. मराठीत फुलवाडीसारखीच बालवाडी झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत ती नेली, अंगणातच शाळा भरवून अंगणवाडी केली. शब्द जर्मन ठेवा किंवा मराठी बोला, बाग तीच आहे. आजीच्या स्वयंपाकघरातही जर्मनी आहेच; ॲल्युमिनियमच्या पातेल्याला महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत अजूनही ‘जर्मनचे भांडे’ म्हणतात.

मराठी कानाची पुंजी

ताथवड्यातील बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात जातात आणि जर्मनही त्यांना इंग्रजीतूनच शिकवली जाते. सोयीचे असले, तरी हे वळणाचे अंतर आहे. मराठी मुलापाशी जर्मनसाठी काही अशी पुंजी असते, की जी इंग्रजीपाशी नाही. आणि घरातील मराठी जसजशी विरळ होते, तसतशी ती नकळत खर्ची पडते.

उच्चारांपासून पाहावे. मराठीत दोन ‘च’ आहेत. ‘चहा’तला तालव्य आणि ‘चमचा’, ‘चोर’ यांतला दंत्य. जर्मनमध्ये ‘त्सेन’ म्हणजे दहा आणि ‘त्सूग’ म्हणजे आगगाडी. त्यातील पहिला उच्चार हा आपला ‘चोर’मधला च होय. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला शब्दाच्या आरंभी तो जड जातो, मराठी मुलाला तो जन्मजात येतो. मात्र घरात ‘चमचा’ जाऊन ‘स्पून’ आला असेल, तर तो कोठून येणार? ‘इश’ म्हणजे मी, यातील शेवटचा वर्ण ‘श’ आणि ‘ह’ यांच्या मधला आहे. मराठीतील ‘ह्या’ हा शब्द नुसत्या फुंकरीने म्हणून पाहिला, की तो पुष्कळसा साधतो. काही ध्वनी मात्र आपल्याकडे नाहीत. ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवून आतून ‘ई’ म्हणावयाची, हा ‘फ्युन्फ’ म्हणजे पाच या शब्दातील स्वर आरशासमोर उभे राहूनच शिकावा. मुलांना तो खेळ फार आवडतो आणि आजोबांनी तो करून पाहिला, तर त्याहूनही अधिक.

हसण्याच्या जागाही पुष्कळ आहेत. ‘उंट’ म्हणजे आणि. ‘या’ म्हणजे होय. ‘नाइन’ म्हणजे नाही. इंग्रजी नऊचा त्याच्याशी काही संबंध नाही, जर्मन नऊ ‘नॉइन’ आहे. ‘गिफ्ट’ म्हणजे विष, तेव्हा वाढदिवसाला कोणी जर्मन मित्राला ते देऊ नये. अननस मात्र तेथेही ‘आनानास’च, येथे इंग्रजी शब्द पाठ केलेले मूल मागे पडते आणि आजीच्या बाजारच्या पिशवीतील मूल पुढे जाते. चाकणच्या ज्या कारखान्याला सारे ‘व्होक्सवॅगन’ म्हणतात, त्याचा जर्मन उच्चार ‘फोल्क्सवागन’, अर्थ ‘लोकांची गाडी’. हे कळल्यावर मूल कारखान्यातून घरी आलेल्या वडिलांचा उच्चार सुधारल्यावाचून राहत नाही, आणि त्या वडिलांनी तो सुधारून घ्यावा.

याहून खोल साम्य वाक्यांच्या घडणीत आहे. मराठीत ‘मला थंडी वाजते’, ‘मला हे आवडते’, ‘मला कंटाळा आला’. थंडी, आवड, कंटाळा या गोष्टी माणूस करीत नाही, त्या त्याला होतात, म्हणून मराठी येथे ‘मी’ म्हणत नाही, ‘मला’ म्हणते. जर्मनही तेच करते. ‘मीर इस्ट काल्ट’, ‘दास गेफेल्ट मीर’, ‘मीर इस्ट लांगवाइलिश’. यातील प्रत्येक ‘मीर’ म्हणजे आपले ‘मला’. इंग्रजीच्या वाटेने गेलेले मूल ‘इश बिन काल्ट’ म्हणते, आणि त्याचा अर्थ होतो ‘मी कोरड्या मनाचा आहे’. मराठीच्या वाटेने गेलेल्या मुलाची येथे चूक होण्याचे कारण नाही. त्याला ‘मीर म्हणजे मला’ एवढेच सांगावे लागते.

लिंगांचेही तसेच. इंग्रजीतून आलेल्याला ‘देर, दी, दास’ ही पीडा वाटते. मराठी मुलाला तो, ती, ते यांची सवय असते. निर्जीव वस्तूलाही लिंग असते हे त्याला पटवावे लागत नाही. ‘ते मूल’ आणि ‘दास किंट’ दोन्ही नपुंसकलिंगी. ‘तो चंद्र’ आणि ‘देर मोंट’ही जुळतात. सूर्य मात्र तेथे स्त्री आहे, ‘दी झोने’, आणि मुलगीसुद्धा ‘दास मेटशन’ म्हणजे नपुंसकलिंगी, आपल्या ‘ते पोरगे’सारखी. ही न जुळणारी उदाहरणे लपवू नयेत, मुलांना तीच अधिक लक्षात राहतात.

आदरार्थी बोलण्याची गोष्ट तर कुटुंबाच्या जिव्हाळ्याची आहे. जर्मनमध्ये जवळच्याला ‘डू’ आणि परक्या मोठ्या माणसाला ‘झी’. इंग्रजीत हा भेद उरलेला नाही. मराठी घरात मूल आईला आणि देवाला ‘तू’ म्हणते, शेजारच्या काकांना ‘तुम्ही’. जर्मन मूलही आई-वडिलांना, आजी-आजोबांना आणि देवाला ‘डू’ म्हणते, दुकानदाराला ‘झी’. ज्या मुलाला ‘अहो काका’ म्हणण्याचे वळण आहे, त्याला ‘झी’ समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

एकवीस की वीस-एक?

आता अंकांकडे यावे, कारण हिशेबात कच्चे राहिलेले परवडत नाही. इंग्रजीत ट्वेन्टी-वन, म्हणजे आधी वीस, मग एक. मराठीत एकवीस, बावीस, पंचवीस, म्हणजे आधी एकक, मग दशक. जर्मनमध्ये एकवीसला ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’ म्हणतात, शब्दशः ‘एक-आणि-वीस’. पंचवीस म्हणजे ‘फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश’, पाच-आणि-वीस. क्रम अगदी मराठीचा.

आणि अडचणही मराठीचीच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससोबत ‘वीस एक’ असे वाचन देण्यात आले आणि महाराष्ट्रात वादळ उठले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते, की मुले ऐकतात ‘एक’ आधी आणि लिहितात ‘दोन’ आधी, त्यात त्यांचा गोंधळ होतो. विधिमंडळापर्यंत हा विषय गेला. त्या वेळी फार थोड्यांना ठाऊक असेल, की जर्मनीतही नेमका हाच वाद चालू आहे. तेथे बोखुम येथील गणिताचे प्राध्यापक लोथार गेरित्सेन यांच्या पुढाकाराने ‘त्स्वान्त्सिशआइन्स’, म्हणजे ‘वीस-एक’ याच नावाची संस्था २००४ पासून काम करीत आहे, आणि तेथेही लोक तितकेच चिडतात.

ताथवड्यातील पालकांसाठी यातून एक अगदी व्यवहारी गोष्ट निघते. मुलाला मराठी अंक पक्के येत असतील, तर जर्मन अंक शिकवताना ‘एकवीसमध्ये एक आधी येतो ना, तसाच’ एवढे म्हणून भागते. ते विसरले गेले असतील, आणि आज सत्तावन्न म्हटल्यावर ‘म्हणजे फिफ्टी-सेव्हन का?’ असे विचारणारी मुले घरोघरी आहेत, तर तेच मूल जर्मन अंकांपाशी अडखळत बसते. अंक हे आजोबांनी हाती घेण्याचे काम आहे. जिना चढताना पायऱ्या मोजाव्यात, एक पायरी मराठीत आणि तीच जर्मनमध्ये.

भाषा एकमेकींचा घास हिरावतात, ही भीती अलीकडे वारंवार व्यक्त होते आणि ती सर्वस्वी निराधारही नाही. केंद्रीय विद्यालयांत २०११ च्या करारानंतर सहावी ते आठवीला जर्मन आली. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ऐन सत्राच्या मध्यावर ती तिसरी भाषा म्हणून काढून संस्कृत आणण्याचा निर्णय झाला, आणि सुमारे ७० हजार विद्यार्थी गोंधळात पडले. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा आदेश निघाला आणि तीव्र विरोधानंतर जूनअखेर मागे घेण्यात आला. त्या वादात ‘सहा वर्षांच्या मुलाला किती भाषांचे ओझे?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. तो योग्यच होता. पण ओझे भाषेचे होत नाही, ते वही, गृहपाठ आणि गुण यांचे होते. घरात चार भाषा ऐकणारी मुले भारतात पिढ्यान्पिढ्या वाढली आहेत. कोल्हापूर-सांगलीकडील कित्येक जैन घरांत मराठी आणि कानडी दोन्ही नांदतात, पुण्या-नगरकडील घरांत मारवाडी किंवा गुजराती आणि मराठी. तेथे मुलांना कोणी परीक्षा घेऊन त्या शिकवल्या नाहीत.

एक जुनी गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. हेरमान याकोबी हे कोलोनचे पंडित १८७३-७४ च्या सुमारास राजस्थानातील ग्रंथभांडारे पाहून गेले आणि पुढे त्यांनी जैन आगमांचे संपादन व भाषांतर केले, हे सर्वश्रुत आहे. त्यांनी १८८६ मध्ये लाइप्त्सिश येथून महाराष्ट्री प्राकृतातील निवडक कथांचे एक पुस्तक काढले. त्यात व्याकरण होते, शब्दकोश होता, पण केंद्रस्थानी कथा होत्या. जर्मन विद्यार्थ्याने जैन कथा वाचत वाचत मराठीच्या पूर्वजेची ओळख करून घ्यावी, हा हेतू. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर त्या भाषेची नातवंडे उलट दिशेने जर्मन शिकत आहेत. त्यांनाही आधी गोष्टच मिळावी, हे मागणे फार मोठे नाही. जर्मन दूरचित्रवाणीवर १९७१ पासून चालू असलेला उंदीरमामाचा कार्यक्रम, ‘दी झेंडुंग मिट देर माउस’, रोज दहा मिनिटे आई किंवा बाबांसोबत बसून पाहिला, तरी कानाची मशागत होते. एकट्या मुलाच्या हाती फोन देऊन ती होत नाही. आवर्ती ठेवीसारखी ही गोष्ट आहे. हप्ता लहान असावा आणि तो चुकू नये.

पंगतीतील जर्मन

जी कुटुंबे खरोखरच जर्मनीला जाणार आहेत, त्यांच्या मुलांना आणखी काही वाक्ये हवीत, आणि ती कोणत्याही वर्गाच्या पुस्तकात पहिल्या पानावर नसतात. जर्मन बालवाडीत वाढदिवसाला खाऊ वाटतात. त्यात रंगीत, मऊ गोळ्या असतात. दिसायला निरागस, परंतु तेथील बहुतेक अशा गोळ्यांत डुकराच्या कातडीपासून केलेले जिलेटिन असते. चार वर्षांच्या मुलाला उपदेश उपयोगी पडत नाही, त्याला एक वाक्य लागते. ‘इस्ट दा गेलाटीने द्रिन?’, यात जिलेटिन आहे का? दुसरे वाक्य, ‘इश एसे काइन फ्लाइश, काइनन फिश उंट काइने आयर’, मी मांस, मासे आणि अंडी खात नाही. अंड्याचा एकवचनी शब्द ‘आय’ आहे. बँकेच्या परिभाषेत ती उत्पन्नाची बाजू, येथे मात्र ती टाळावयाची बाजू होय.

युरोपीय संघाच्या नियमानुसार, बंद पाकिटावर अंडे, दूध, मासे यांसारखे चौदा ॲलर्जीकारक घटक ठळकपणे छापावे लागतात. त्यामुळे नुकत्याच अक्षरे जुळवू लागलेल्या मुलालाही ‘आय’ हा शब्द पाकिटावर शोधता येतो, आणि ते काम मुले गुप्तहेराच्या उत्साहाने करतात. कांदा, लसूण आणि डुकराचे जिलेटिन मात्र त्या यादीत नाहीत. ते बारीक अक्षरांत मोठ्यांनीच वाचावेत. ‘ओने’ म्हणजे विना. ‘ओने त्स्वीबेलन, ओने क्नोब्लाउख’ म्हणजे कांदा-लसणाविना. बटाटा हा तेथील जेवणाचा कणा आहे, तेव्हा कंदमुळे न खाणाऱ्या घरांनी ‘कार्टोफेल’ हा शब्द मुलाला पहिल्याच दिवशी द्यावा. नकार देताना शेवटी ‘डांके’ असावे. ‘नाइन, डांके’ म्हटल्यावर जर्मन माणूस आग्रह करीत नाही. आपल्या पंगतीतील आग्रहाची सवय असलेल्या मुलाला ही गोष्ट आधी सांगून ठेवावी, नाहीतर संकोचाने एकदा नको म्हणून ते दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत उपाशी राहते.

तेथे पोहोचल्यावर मुलाच्या जर्मनची काळजी फारशी उरत नाही. सहाव्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे, घरी बसून शिकण्याची मुभा नाही, आणि भाषा न येणाऱ्या मुलांसाठी बाडेन-व्युर्टेम्बेर्गसारख्या राज्यांत पूर्वतयारीचे वेगळे वर्ग चालतात. मित्र मिळाले की काही महिन्यांत मूल आई-वडिलांची दुभाषी होते. काळजी उलट बाजूने सुरू होते. आधी मूल आईला जर्मनमध्ये उत्तर देऊ लागते, मग आजीशी दूरध्वनीवर बोलताना शब्द शोधू लागते, मग बोलणेच टाळते. ताथवड्यात एकटे राहणारे आजी-आजोबा हे बोलून दाखवीत नाहीत. येथून जाताना सामानात जर्मनचे पुस्तक नसले तरी चालेल. मराठी गोष्टींची चार-पाच पुस्तके आणि रोज रात्री ती वाचून दाखवण्याचा नेम असावा. घरात मातृभाषा सोडू नका, असे तेथील बालवाडीच्या शिक्षिकाही पालकांना सांगतात.

मुलाशी बोलण्याची वेळ ठरवतानाही घड्याळाची भाषा जपून वापरावी लागते. जर्मन ‘हाल्ब द्राय’ शब्दशः ‘अर्धे तीन’ होते. साडेतीन समजून फोन केला, तर मूल खेळायला निघून गेलेले असते. त्याचा अर्थ अडीच. तिसऱ्या तासाचा अर्धा भाग झाला, असा तो हिशेब आहे. आपला ‘अडीच’ हा शब्दही संस्कृत ‘अर्धतृतीय’पासून, म्हणजे ‘तिसरे अर्धे’ यावरूनच प्राकृतातून आला आहे, आणि ‘दीड’ व जर्मन ‘आंडरथाल्ब’ या दोहोंत ‘दुसरे अर्धे’ हीच कल्पना आहे. स्टुटगार्टच्या घड्याळात दुपारचे ‘हाल्ब द्राय’ होतात, तेव्हा ताथवड्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात सात.